सर, उत्तर शून्यच येतंय! : शिकवणाऱ्यांच्या चुकांचे अनुभव सांगा

काल लेक एका व्हिडिओवरून पायथन शिकत होता. शिकवणाऱ्या मुलीचा प्रोग्राम चालेना. "एक मिनिट हं" म्हणाली आणि पुढे चांगली चार मिनिटं स्वतःचीच चूक शोधत बसली. लेक लागला दहा-दहा सेकंद पुढे ढकलायला. म्हटलं थांब रे, हेच तर बघण्यासारखं आहे. त्याचा चेहरा असा झाला की झालं, बाबांचं जुनं पुराण सुरू. मग त्याला नाही सांगितलं, इथे सांगतो.

१९९७, पॉलिटेक्निक. टर्बो सीची ती निळी स्क्रीन, एका मशीनला आम्ही चौघं चिकटलेले. फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचा प्रोग्राम. सरांनी सूत्र फळ्यावर लिहिलं तसंच टाइप केलं: ५/९ गुणिले कंसात एफ वजा ३२. कंट्रोल एफ-नाइन दाबून चालवला. ३२ टाकलं, उत्तर शून्य. बरोबर! आम्ही वहीत उतरवायला घेतलं. तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, सर २१२ टाका ना. टाकलं. शून्य. ९८.६ टाकलं. शून्य.

सरांनी कंस बदलून पाहिले, मशीन बंद करून चालू केलं, खडू या हातातून त्या हातात. आम्ही खिदळतोय. मग त्यांनी बाकीचं सगळं खोडून फक्त ५/९ एवढंच छापून पाहिलं. शून्य! खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अरे, दोन पूर्णांक दिले की हा पूर्णांकच परत देतोय. दशांश सगळा गिळला याने." ५.०/९ केलं, २१२ चे शंभर आले.

सर घरून पाठ करून आले असते तर पहिल्यांदाच ५.० लिहिलं असतं आणि आम्ही ते मुकाट उतरवून घेतलं असतं. अडलं की छोटा तुकडा वेगळा काढून बघायचा, ही सवय त्या तासाची. आज त्याचाच पगार मिळतो.

तुमचेही येऊ द्या. शाळा, क्लास, स्वयंपाक, गाडी, काहीही चालेल.

तिरफळ
३२ टाकून खूश झालेले सर, हाहाहा. चुकीचा प्रोग्राम आणि बरोबर उत्तर. आमच्या ऑफिसात रोज.

बंड्याची_आई
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. शिवण क्लासच्या बाई. गिऱ्हाइकाचा खण, मोजून मापून आणलेला. बोलता बोलता बाईंनी बाह्या कापल्या आणि दोन्ही उजव्याच! सगळ्या गप्प. बाईंनी आधी चहा मागवला. मग म्हणाल्या, या गं जवळ, आता बघा. एका बाहीचा मागचा मुंढाही पुढच्याएवढा खोल केला, काखेत बारीकसा जोड दिला. गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगितलं आणि शिलाई घेतली नाही. आम्ही सहा जणी होतो, सहाही जणी आजतागायत बाही कापायच्या आधी कापड दुमडून सुलट-उलट दोनदा बघतो. झाल्या शिट्ट्या.

निळू_फुलपाखरू
लॉकडाऊन. सर पंचवीस मिनिटं जीव तोडून शिकवत होते, माइक बंद. आम्ही चॅटमध्ये "आवाज येत नाही सर", ते चॅट बघतच नव्हते. शेवटी कळल्यावर म्हणाले "चला, मग हे सगळं येतंय ना?" सगळे: येस सर.

कोपऱ्यातला_बाक
गणितवाल्यांना ठाऊक असेल. गिल्बर्ट स्ट्रँग यांची एमआयटीतली लिनिअर अल्जिब्राची लेक्चरं, १९९९ सालची. नवव्या लेक्चरला त्यांनी त्रिमितीचा बेसिस म्हणून तीन व्हेक्टर लिहिले: (१,१,२), (२,२,५), (३,३,८). नीट बघा, तिन्हीत पहिले दोन आकडे सारखेच. म्हणजे तिन्ही एकाच प्रतलात आडवे झाले, त्यातून त्रिमिती कुठून उभी राहणार? दहावं लेक्चर ती चूक दुरुस्त करण्यापासूनच सुरू होतं. आणि दुरुस्तीतच गंमत आहे. हे तीन व्हेक्टर स्तंभ म्हणून शेजारी मांडले की त्या मॅट्रिक्सच्या पहिल्या दोन ओळी सारख्या, म्हणून स्तंभही स्वतंत्र असू शकत नाहीत, हे बोलता बोलता ते ओळींकडे वळतात आणि त्या दिवसाचा विषय तिथेच सापडतो. कापून टाकलं असतं तर हा जोडच दिसला नसता.
मी काय केलं होतं? नवव्यात (३,३,८) वहीत उतरवून, मान डोलावून पुढे गेलो होतो.

तिरफळ
@कोपऱ्यातला_बाक बेसिस काय ते कळलं नाही, मान डोलावणं मात्र पक्कं कळलं.

सायली_डब्लिन
बसमध्ये आहे, चुका समजून घ्या (विषयालाच धरून की!). क्रोशा व्हिडिओ बघून शिकले. सगळ्या बायका कशा सरसर विणतात, आपलंच वाकडं होतं. मग एक काकू सापडल्या. दहाव्या ओळीला थांबल्या, मोजलं, अठरा मुके खांब (टाके) हवे होते तिथे सतरा. "अगं बाई, कुठे गेला?" मग सुई बाजूला ठेवून ओळ बोटाने ताणून दाखवली. कडेचा खांब सुटला की तिथे कड आत चावल्यासारखी दिसते, ते कॅमेऱ्याजवळ धरून. आणि भर्रकन उसवलं. विणताना सगळ्याच दाखवतात हो, उसवताना कोणी दाखवतं का?

अण्णा_सातारा
माझा अनुभव उलटा आहे. आठवीत शिकवणीच्या सरांचं उणे चिन्ह पुढच्या पायरीत राहून गेलं. मी सांगितलं. सर म्हणाले तू ये फळ्यावर. गेलो, दाखवलं. वर्ग हसला, मला नाही, त्यांना. छडी मला. पुढे दहावीपर्यंत हात वर केला नाही. गणिताचं काही वाकडं झालं नाही, पण मीटिंगमध्ये समोरच्याचं चुकताना दिसलं तरी अजून तोंड उघडत नाही मी.

बंड्याची_आई
अण्णा, फार वाईट वाटलं वाचून. अशांना काय म्हणावं.

शुभ्रा_पट्टी
मी नर्सिंगला शिकवते. सगळ्यांचं वाचलं, पण थोडं थांबा. व्हिडिओत चूक ठेवावी असं मला सरसकट वाटत नाही. मुली दीडपट वेगाने बघतात, मधेच मैत्रिणीचा फोन येतो, दुरुस्ती बघायची राहते आणि चुकलेलं तेवढं डोक्यात बसतं. आमच्या कामात ते परवडत नाही. मी तो भाग कापते. वर्गात मात्र निर्जंतुक हातमोजे चढवताना मुद्दाम उघडं बोट मोज्याच्या बाहेरच्या बाजूला लावते आणि बोलत राहते. बघते कोण ओरडतं. पहिल्या आठवड्यात कोणी नाही. तिसऱ्या आठवड्यात "मॅडम!!" असा गलका होतो. मोजे फेकायचे, नवे घ्यायचे.

धागाकर्ता
@शुभ्रा_पट्टी मान्य. प्रोग्राम चुकला तर शून्य छापून येतं, कोणाला जंतुसंसर्ग होत नाही. तुमचं बोट आवडलं.
@अण्णा आमच्या सरांना त्या दिवशी आम्ही खूप हसलो होतो. ते रागावू शकले असते, हे आज तुमचं वाचून पहिल्यांदा लक्षात आलं.

खवय्या_मिरज
आत्या मोबाइल लावून अनारसे शिकवत होती, भाच्यासुना चार गावांहून बघतायत. पहिलाच अनारसा तुपात हसला! जाळी-बिळी काही नाही, नुसता चुरा. धाकटी सून म्हणाली बंद करू का फोन. आत्या म्हणाली खबरदार, हेच बघा. पिठात मुठभर तांदळाची पिठी मळली, दुसरा सोडला. नीट. "पहिला चांगला झाला असता तर तुमचे हसल्यावर मलाच फोन आले असते."

निळू_फुलपाखरू
अनारसा हसतो म्हणजे?

खवय्या_मिरज
तुपात पसरून विरघळतो. आपण रडतो, तो हसतो.

सायली_डब्लिन
इथे गुळाचा प्रॉब्लेम आहे, साखर चालेल का? आणि तांदूळ तीन दिवस भिजवायचाच का?

बंड्याची_आई
तीन दिवस, आणि पाणी रोज बदलायचं. साखरेचे होतात, पण आमच्याकडे गुळाचेच. पीठ कडक झालं तर थोडं केळं घाल मळताना.

कोपऱ्यातला_बाक
लिनिअर अल्जिब्रावरून अनारसे. छान चाललंय.

धागाकर्ता
अवांतर नाही, ताजी बातमी. लेकाने आत्ता ०.१ + ०.२ करून पाहिलं, उत्तर आलं ०.३०००००००००००००००४. मला विचारतोय तो चार कुठून आला. मी ऐटीत फळा घेतला, समजावायला लागलो आणि दुसऱ्याच पायरीला अडकलो. तो खिदळतोय. जेवण झाल्यावर परत बसणार आहोत.

तिरफळ
३२ टाकून बघा.

सायली_डब्लिन
खसखस वरच्या बाजूला ठेवूनच तळायचं ना? उलटायचं नाही?

खवय्या_मिरज
अजिबात नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. आणि पहिला हसला तर फोटो टाक.