'तीव्र', 'धसका' आणि 'एक्स्पोजर': पीटीएसडीसाठी कोणते शब्द वापरावेत?

अर्धविराम: पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर महिन्याहून जास्त टिकणारा मानसिक त्रास; त्याच्या उपचारांची माहिती रुग्णाच्या घरच्यांसाठी लिहायची आहे. 'आघातोत्तर ताण विकार' फार जड वाटतो. 'धसका' चालेल? 'ट्रिगर' (त्रास पुन्हा जागा करणारी गोष्ट) आणि 'एक्स्पोजर' (टाळलेल्या गोष्टींजवळ ठरवून नेणारा उपचार) यांचं काय करावं?

वेलांटी: 'धसका' नको. धसका माणूस 'घेतो', म्हणजे क्रियापदच दोष त्याच्या पदरात टाकतं. शिवाय त्यात भीती तेवढी येते. बधिरपणा, अपराधी वाटणं, प्रसंगाची आठवण देणारं सगळं टाळणं हे येत नाही. 'ताण'ही फसवा आहे. ताण म्हटलं की घरचे विश्रांती सुचवतात, आणि टाळण्याला आयतं निमित्त मिळतं. त्यापेक्षा 'पीटीएसडी' तसंच ठेवा आणि पुढे एका ओळीत अर्थ द्या.

एक चूक मात्र हमखास होते. 3 दिवस ते 1 महिना टिकणाऱ्या त्रासाला 'तीव्र ताण विकार' म्हणतात. वाचणाऱ्याला तो पीटीएसडीपेक्षा भयंकर वाटतो, कारण मराठीत 'तीव्र' म्हणजे जोरदार. इथे मुद्दा जोराचा नाही, मुदतीचा आहे. 'अल्पकालीन' लिहा. त्रास महिन्याच्या पुढे गेला तरच पीटीएसडीचं निदान होतं.

काना_मात्रा: ट्रिगरला 'चाप' म्हणजे अगदीच बंदूक झाली, आणि 'चेतक' म्हटलं की घोडा आठवतो. 'आठवण चाळवणारी गोष्ट' कसं वाटतं? पीटीएसडीतला 'टी' म्हणजे ट्रॉमा, हा मूळ ग्रीक शब्द जखमेचा, आणि मराठीत जखम चाळवतेच.

फ्लॅशबॅकला, म्हणजे तो प्रसंग आत्ताच पुन्हा घडतोय असं वाटण्याला, 'आठवण' म्हणू नका. आठवणीत घडून गेल्याचं भान असतं, इथे ते सुटतं. 'पुनरानुभव' बरा. अशा वेळी मागून धरू नये. समोर, थोड्या अंतरावर राहून नाव घेऊन हाक मारावी, आजचा वार आणि जागा सांगावी, पाय जमिनीवर टेकवायला सांगावं.

वेलांटी: 'चाळवणारी' झकास!

एक्स्पोजरला 'सामना' नको, त्यात कुस्ती आहे. 'सामोरं जाणं' नेमकं. साधारण 8 ते 15 सत्रं, बहुधा 90 मिनिटांची. टाळल्या जाणाऱ्या, पण प्रत्यक्षात सुरक्षित अशा गोष्टींची यादी करून प्रत्येकीला, तिची किती भीती वाटते त्यानुसार, 0 ते 100 गुण देतात. सुरुवात मधल्या गुणांपासून होते आणि भीती ओसरू लागेपर्यंत तिथंच थांबायचं असतं. घरचे कळवळून मध्येच बाहेर काढतात तिथं बिघडतं. मेंदू 'पळालो म्हणून वाचलो' एवढंच शिकतो.

एक्स्पोजरचा दुसरा भाग म्हणजे तो प्रसंग वर्तमानकाळात सांगणं आणि त्याचं ध्वनिमुद्रण घरी रोज ऐकणं. मराठीत 'मी वळतो, बघतो तर…' असं सहज येतं, ते सोयीचं. अडचण 'आपण'ची. 'अशा वेळी आपण घाबरतोच ना' म्हणत माणूस स्वतःला गोष्टीतून अलगद काढून घेतो. थेरपिस्टने त्याला हळूच 'मी'वर आणायचं.

अर्धविराम: म्हणजे 'बोलून मोकळं हो' हेच ना?

काना_मात्रा: अजिबात नाही. घटनेनंतर लगेच, एकाच बैठकीत सगळं वदवून घेणं पीटीएसडी टाळत नाही, उलट त्रास वाढू शकतो. सुरुवातीला सुरक्षित जागा, झोप, आप्तांशी संपर्क, आणि तो बोलला तर ऐकणं.

आणि सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन या गोळ्यांसमोर नुसतं 'नैराश्यविरोधी' लिहू नका. 'नैराश्य नाही तर गोळी कशाला?' म्हणून ती बंद होते. 'पीटीएसडीवरही चालणारी, परिणामाला काही आठवडे लागतात, डॉक्टरांना न विचारता एकदम थांबवू नये' हे गोळीच्या नावाशेजारीच हवं.