ताकाच्या खोक्यातून गौरीचा साज करायलेय, पानं दबतात आणि चिकटत नाहीत

राजारामपुरीची सून

नमस्कार मंडळी, यंदा गौरीला बाजारातले दागिने आणायचे नाहीत, घरातल्याच खोक्या-पाकिटांतून करायचे असं ठरवलंय. मखराची फुलं मिठाईच्या खोक्यांची आणि साडीच्या घडीत येतो ना तो पुठ्ठा, त्याची केली, ती चांगली जमली. अडलंय ते कोल्हापुरी साजाशी, म्हणजे छोटी नक्षीची पानं आणि मणी ओवलेल्या गळ्यातल्या हाराशी. सासूबाईंचा साज समोर ठेवून ताकाची आणि ज्यूसची खोकी कापली, आतल्या चंदेरी बाजूवर संपलेल्या बॉलपेननं मासा, कासव, चंद्र, बेलपान काढले, उठाव इतका छान येतोय की बघत बसावं, पण ओवताना जरा बोट लागलं की पान दबतंय. मागं आधाराला पुठ्ठा लावला तर रात्री पांढऱ्या गोंदानं चिकटवलेला सकाळी सुटून खाली पडलेला. सोनेरी दिसावं म्हणून पोरीनं पोस्टर कलर लावला, तो थेंब थेंब होऊन घसरला. एकवीस पानं करायचीत आणि गौरी यायला आठ दिवस आहेत, कुणी केलंय का असलं काही?

पुठ्ठेवाली काकू

ताई, तुम्हाला चंदेरी दिसतंय त्याच्यावर प्लास्टिकचा पातळ थर असतो. ही लांब टिकणारी खोकी सहा थरांची असतात, त्यातला मोठा भाग कागदाचा, ॲल्युमिनियम अगदी थोडं, आणि ताक ज्याला लागतं तो शेवटचा थर प्लास्टिकचा. म्हणून पाण्यातला रंग बसत नाही नि पांढरा गोंदही धरत नाही. बाहेरच्या छापील बाजूलाही तसाच थर आहे, तुमचा पुठ्ठा तिथंच सुटला. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं ती मागची बाजू चमक जाईपर्यंत घासा आणि चपलांना लावतात तो पिवळा रबराचा गोंद दोन्हीकडं लावून दहा मिनिटं सुकू द्या, मग दाबा. रंगाला पिवळा ग्लास कलर घ्या, चंदेरीवर पातळ हात दिला की सोन्यासारखं दिसतं, जाड लावू नका, हळदीसारखं दिसायला लागतं.

आणि एक, खोकं रिकामं झालं की लगेच कापून साबणानं धुवा. घड्यांच्या कोपऱ्यात ताक राहतं, मग वास मारतो आणि गौरीपुढं मुंग्यांची रांग लागते.

गुजरीतला

मी सोनाराच्या घरातला, म्हणून पानं दबण्याचं सांगतो. खऱ्या साजाचं पानसुद्धा पातळ पत्र्याचंच असतंय, ठशावर उठवायचं आणि मागच्या पोकळीत लाख भरायची, त्या लाखेमुळं ते हातात भरीव लागतंय. तुम्हीबी तेच करा की. वर्तमानपत्र नाहीतर अंड्याचा ट्रे भिजवून लगदा करा, पाणी घट्ट पिळून काढा, त्यात फेविकॉल कालवा आणि घासलेल्या मागच्या बाजूनं उठावाच्या खड्ड्यात दाबून भरा. दोन दिवस सावलीत वाळू दे, उन्हात ठेवलं तर पान वाकतंय. वाळल्यावर मग पुठ्ठा. भोकं मात्र भरायच्या आधीच पाडा नाहीतर पान फाटतंय, आणि उठवताना खाली जुना टॉवेल चौपदरी घाला, फरशीवर रेघ खोल जात नाही.

रंकाळ्याची

ग्लू गनच घ्या की, एका मिनिटात काम होतं!

पुठ्ठेवाली काकू

नको गं, गरम गोंदानं आतलं प्लास्टिक आकसतं आणि एवढा काढलेला मासा सुरकुततो. फुलांना वापर खुशाल.

रंकाळ्याची

बरं काकू. मग साजातल्या पानांमधल्या मण्यांचं सांगते, ते मी केलेत. गुळगुळीत मासिकाच्या कागदाच्या लांब त्रिकोणी पट्ट्या कापायच्या, एका टोकाला दीड सेंटिमीटर, दुसरं टोक सुईसारखं, लांबी वीसेक सेंटिमीटर. रुंद टोकाकडनं झाडूच्या काडीवर गुंडाळत आलं की मधे फुगीर, कडेला निमुळता मणी होतो, हुबेहूब साजातला जवाच्या दाण्यासारखा जवमणी. शेवटचं टोक मधोमध आलं पाहिजे, नाहीतर मणी तिरका दिसतो.

राजारामपुरीची सून

सगळ्यांचे खूप खूप आभार, परवा रात्री बारापर्यंत बसून लगदा भरला. चौदा पानं झालीत, मासा आता अंगठ्यानं दाबला तरी हलत नाही. घासायचा कंटाळा करून एक पान तसंच चिकटवलं होतं, तेवढंच सुटलं. माणिक-पाचूच्या पानांना पोरीनं लाल आणि हिरव्या चॉकलेटचे चकचकीत कागद गोळा करून बसवलेत, सासूबाईंनी स्वतःचा साज शेजारी धरून बघितला आणि म्हणाल्या मधलं पदक अजून थोडं मोठं कर. ते आज परत कापायला घेतेय. दादा, पदक मोठं म्हणजे लगदा जास्त, त्याला वाळायला दोन दिवस पुरतील का?

गुजरीतला

नाही पुरायचे. दोन थरांत भरा, पहिला वाळल्यावर दुसरा. आजच सुरू करा.