वणवा लागला की भर दुपारी विझवायला धावणं बंद करा

सड्यावरचा (राजापूर)

शिमगा उरकला की आपल्याकडे कोकणात दोनच विषय असतात, काजूबीचा दर आणि वणवा. दरावर तासन् तास बोलणं होतं. वणव्याबद्दल कुणी बोलत नाही, नुसते धावतात. दुपारी कुणाला तरी धूर दिसतो, तो हाळी देतो आणि हाताशी असेल तो माणूस आग झोडपायला जांभळीचा नाहीतर काजूचा टहाळा (पानांची फांदी) तोडून सड्याकडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाकडे, पळत सुटतो. पायात स्लीपर, अंगात नायलॉनचा शर्ट, सोबत पाण्याचा थेंब नाही. धावणारे कोण तेही बघा. तरणी पोरं मुंबई-पुण्याला. धावतात ते साठीच्या पुढचे पुरुष आणि घरच्या बायका.

माझं मत असं: सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळात, ज्या वणव्याच्या वाटेत घर, गोठा किंवा माणूस नाही, तो विझवायला कुणीही जाऊ नये. बाग जळत असली तरी जाऊ नये. कलम पुन्हा लावता येतं.

हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं. किनाऱ्यावर मात्र ३७ अंशांपासूनच, तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढलेलं असेल तर. पूर्वेचा कोरडा वारा असतो तेव्हा गवत पेटतं, आणि नंतर समुद्राचा दमट वारा आला की अंगावरचा घाम सुकेनासा होतो. घाम सुकल्याशिवाय शरीर निवत नाही. एकाच दुपारी हे दोन्ही सोसावं लागतं. त्यात टहाळा मारायची मेहनत, समोर जाळाची धग. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला की तो उष्माघात, आणि तिथून खाली रस्त्यावर त्याला खांद्यावर आणायला तासभर जातो.

शिवाय चढण. उतार दर १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा जंगलातल्या आगीचा जुना ठोकताळा आहे. आपले सडे म्हणजे वर सपाट कातळ आणि कडेला उभी घसरण, सगळी सुक्या गवताची. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात अशाच गवताळ उतारावर आगीने ट्रेकर मंडळींना गाठलं, २० हून जास्त माणसं गेली. त्यात धडधाकट तरुण होते. आपण तसल्याच उतारावर म्हाताऱ्या माणसाला टहाळा देऊन पाठवतो.

बेणणी करा, म्हणजे बागेतलं गवत-झुडूप कापा, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) दोन्ही अंगांनी गवत काढून जाळपट्टा ठेवा. हे काम डिसेंबर-जानेवारीचं आहे, तेव्हा मात्र सड्यावर कुणी फिरकत नाही.

काजूवाला (कणकवली)

तुमचा सगळा खरा, पण आपली बाग जळताना बघीत घरात बसलेलो माणूस माका एक दाखवा. काजूचा एक कलम मोठा करूक किती वर्सां जातत, ता आमका इचारा.

पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो. माझ्याकडे वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची कलमं आहेत. कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी द्यायला लागतं हे खरं, पण त्यावर घर चालायला आणखी बरीच वर्षं जातात. पहिल्या उन्हाळ्यांत खालच्या विहिरीवरून हंड्यांनी पाणी नेऊन जगवलेली झाडं आहेत ती. "पुन्हा लावता येतं" हे पन्नाशी ओलांडलेल्या बागायतदाराला सांगू नका. तो पुन्हा लावेल, पण खाणार कोण?

बंब तालुक्याच्या गावाला. तो आला तरी आमच्या बागेपर्यंत गाडीवाट नाही. मदतीसाठी फोन केला की पहिला प्रश्न येतो, जमीन खाजगी की सरकारी? आणि आपल्याकडचे बहुतेक डोंगर खाजगीच.

सर्वात मोठी गोष्ट तुम्ही सोडून दिलीत. अकरा वाजता गडग्याच्या कोपऱ्यात पेटलेलं गवत पाच माणसं अर्ध्या तासात मारतात. तेच चार वाजेपर्यंत सोडलं तर तीन वाड्यांची माणसं एक झाली तरी आवरत नाही, आणि तेव्हा तुमच्या अटीतलं घर आणि गोठा दोन्ही त्याच्या वाटेत आलेले असतात. लवकर गेलं तरच कमी धोका. तुमच्या नियमाने धोका वाढेल.

मतलई (देवगड)

दोघंही घड्याळ बघताय. मी होडीवर वाढलो, मी वारा बघतो.

या दिवसांत पहाटेपासून मतलई असते, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. अकरा-बाराच्या सुमारास ती पडते. थोडा वेळ पान हलत नाही. मग खारा वारा सुरू होतो, वायव्येकडून नाहीतर पश्चिमेकडून. आता हे डोंगरावर लावून बघा. सकाळची आग पश्चिमेकडे सरकत असते. तिच्या मागची आणि बाजूची कड मंद असते, म्हणून माणसं तिथेच उभी राहून टहाळे मारतात, आणि ते बरोबरही आहे. पण वारा फिरला की तीच मंद कड आगीचं तोंड होते. माणसं दक्षिणेच्या किंवा पूर्वेच्या अंगाला असतील तर आग थेट त्यांच्यावर येते. वारा फिरायच्या आधी जी शांतता होते तिला लोक "आग बसली" म्हणतात आणि पुढे घुसतात. माणसं सापडतात ती तेव्हा.

म्हणून माझं म्हणणं, जायचं तर वारा पडायच्या आत जा, आणि पान हलायचं थांबलं की जळून काळ्या झालेल्या पट्ट्यात या. जिथलं गवत जळून गेलंय तिथे आग परत येत नाही. आगीच्या वरच्या अंगाला, चढणीवर, कधीही उभं राहू नका. परतीची वाट आधी ठरवा, मग टहाळा उचला.

मार्चमध्ये काही दिवस पूर्वेचा वारा असा जोर धरतो की खारा वारा दुपार टळेपर्यंत येतच नाही. पारा तेव्हाच चढतो आणि गवत कुरकुरीत होतं. अमेरिकेत कोरडी हवा, जोराचा वारा आणि सुकं गवत एकत्र आलं की तिथलं हवामान खातं "लाल झेंडा" इशारा देतं, आणि बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी उघड्यावर जाळायला मनाई असते. आपल्याकडे मुंबईच्या हवामान केंद्राकडून जिल्हावार उष्णतेचे इशारे येतात, पण ते वणव्याशी कुणी जोडत नाही. ग्रामपंचायतीने जोडावेत. इशारा आला की दवंडी: आज भाजावळ (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं) नाही, आज बांधावर काडी ओढायची नाही.

तरवा (पोलादपूर)

वणव्याचा विषय कुठेही निघाला तरी शेवट भाजावळीवर, म्हणून लिहितो. आमच्याकडे राब म्हणतात. कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पातेरा (गळलेली पानं), गोवर (सुकं शेण), वर गवत आणि त्यावर मातीचा थर. भोवतीचं गवत आधी ओढून घेतो, सकाळच्या गार हवेत पेटवतो, विझेपर्यंत घरचं माणूस तिथून हलत नाही. तणाचं बी मरतं, राख मिळते, माती भुसभुशीत होते, तरवा (भाताची रोपं) उपटताना मुळं तुटत नाहीत. हे काम पिढ्यान् पिढ्या चाललं आहे.

वणवे लावतात ते वेगळे. ससा-भेकरासाठी रान पेटवणारे आहेत. जाळलं की गवत चांगलं येतं असं मानणारे आहेत. घाटात गाडीतून बिडी भिरकावणारे आहेत. कुठे वाऱ्याने विजेच्या तारा घासतात आणि ठिणगी खाली पडते. आणि सगळ्यात जास्त जळतात त्या वर्षानुवर्षं बेणणी न झालेल्या, मालक मुंबईत असलेल्या बागा. त्या मालकांना दवंडी ऐकू येणार आहे का?

चाकरमानी (डोंबिवली, गाव लांजा तालुक्यात)

येते. आम्ही गावाला विसरलेलो नाही. माझ्या सातबाऱ्यावर चुलत-चुलत धरून इतकी नावं आहेत की एका बेणणीचे पैसे काढायला सगळ्यांना फोन करावे लागतात. ते मी करतो. माणूस मिळत नाही ही खरी अडचण, मिळाला तर ग्रास कटरचं भाडं. तरी मान्य, रस्त्याकडेचा आणि शेजारच्या बागेलगतचा पट्टा दरवर्षी साफ करणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि त्याने नाही केलं तर पंचायतीने करून त्याच्याकडून खर्च वसूल करावा. मी भरेन.

पण तरवाभाऊ, भाजावळीला पर्याय आहेत. भातशेतीच्या चारसूत्री पद्धतीत भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात मिसळतात, त्यासाठी डोंगराची कवळ लागत नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा राइस टेक्निक तर गादीवाफ्यावर थेट टोकणीची आहे, तिथे तरवाच नाही, मग राब कशाला? नीट केलेला राब सुरक्षित असतो हे मानलं, तरी नीट करायला घरची चार माणसं लागतात, आणि ती चार माणसं आता कुठल्या घरात आहेत?

उपकेंद्र (गुहागर)

मी आरोग्य खात्यात काम करते. विझवायला जाणाऱ्यांबद्दल तुम्ही बरंच बोललात, माझ्याकडे येतात ती घरात बसलेली माणसं.

सड्यावरचा दादा, "वाटेत घर नसेल तर जळू द्या" हे मला पटत नाही. धुराला वाट लागत नाही. रात्री हवा थंड झाली की धूर खाली उतरतो आणि खोलगट वाडीत सकाळपर्यंत कोंडून राहतो. कौलारू घराला तो अडत नाही. दम्याची आजी, बाळंतीण, तान्हं मूल, हृदयाचा रोगी, यांना डोंगरावर न जाताच वणवा भोवतो. धुरातले सूक्ष्म कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असतात, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहून लहान, ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. तोंडाला बांधलेला ओला पंचा त्यांना अडवत नाही. एन-९५ मास्क नीट घट्ट बसवला तर अडवतो, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातूनही येतो. म्हणून धुरात डोकं दुखायला लागलं, मळमळलं, की मास्क असला तरी मोकळ्या हवेत यायचं. आणि काजूच्या बागेतला धूर वेगळाच. टरफलातलं तेल अंगावर उठतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या धुराने डोळे आणि घसा तसेच भाजतात.

अवघड प्रश्न असा की धूर आला तर दारं-खिडक्या लावायच्या, आणि उकाडा असेल तर उघडायच्या. दोन्ही एकदम असेल तेव्हा काय? मी सांगते ते असं: घरातली कमीत कमी फटी असलेली एक खोली निवडा, आजारी माणूस आणि मुलं तिथे. पंखा चालू. त्या खोलीच्या जवळ चूल नको, अगरबत्ती नको, मच्छरची कॉइल नको. अंग ओल्या फडक्याने पुसत राहा. धूर कमी झाला की लगेच सगळं उघडा. खोली तापून असह्य झाली तर त्या माणसाला दुसऱ्या वाडीत, पाहुण्यांकडे हलवा. उकाड्याने माणूस धुरापेक्षा लवकर जातो.

खारघरला १६ एप्रिल २०२३ ला उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ माणसं गेली. ती तिथे नुसती बसली होती. मग टहाळा मारणाऱ्याचं काय होत असेल?

प्यायला मिठाची पेज, ताक, शहाळं चालेल. अंगातून फार घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. माणूस बरळत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत, मानेला, जांघेत गार फडकी ठेवा आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. कांदा हुंगवत बसण्यात वेळ घालवणारे पाहिलेत, कृपा करून तसं करू नका.

सड्यावरचा

ताई, धुराचा मुद्दा मोलाचा आहे. तरी विझवायला गेलेला माणूस परत न येणं आणि वाडीत दोन रात्री धूर राहणं यात मी धूर निवडेन, कारण त्याच्यापासून माणसाला हलवता येतं, तुम्हीच सांगितलंत तसं.

काजूवाले, पहिल्या अर्ध्या तासाबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. कोपऱ्यातली आग, सपाट जागा, पाच माणसं, तर जा. पण मग त्या पाचांच्या पायात बूट हवेत, अंगात पूर्ण बाह्यांचं सुती कापड हवं, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. पाण्याचा कॅन हवा, एकाने नुसतं वारा आणि वाट बघत उभं राहायला हवं. साठीच्या पुढच्यांनी जाऊ नये. जाळ कमरेच्या वर गेला किंवा आग चढणीला लागली की सगळ्यांनी परत फिरायचं, बाग कुणाचीही असो.

आणि मतलईकाकांची दवंडी. त्याचा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत व्हायला हवा. १ मेची ग्रामसभा येईपर्यंत डोंगर काळे झालेले असतात. ठरावात तीन गोष्टी: इशाऱ्याच्या दिवशी जाळायला बंदी, राब फेब्रुवारीच्या आत आणि फक्त सकाळी, रस्त्याकडेचा पट्टा न काढणाऱ्या मालकाकडून खर्च वसुली.

तरवा (पोलादपूर)

इशाऱ्याच्या दिवशी बंदी कबूल. फेब्रुवारीच्या आत सगळा राब होणं कठीण, पातेरा तेव्हा पुरता गळलेलाच नसतो. वेळ सकाळी नऊच्या आतली ठेवा, महिन्याची अट काढा. तुसाच्या राखेचं एका वाफ्यावर करून बघेन.

काजूवाला (कणकवली)

बूट, सुती कपडे, पाणी, वारा बघणारा माणूस, हे सगळं आजपासून करतो. मांगराजवळ (बागेतल्या खोपटाजवळ) पाण्याचं पिंप आणि गोणपाटं भरून ठेवतो. ठरावालाही माझा हात वर.

वयाची अट मात्र मला मान्य नाही. माझ्या वाडीत साठीच्या आतले पुरुष उरलेत चार, त्यातला एक रिक्षावर, एक आजारी. अट पाळली तर विझवायला दोघंच, आणि दोन माणसांनी आगीपुढे उभं राहणं हे साठीच्या पाच जणांपेक्षा धोक्याचं. शेजारच्या वाड्यांनी मिळून एक टोळी करायची म्हटलं तरी ती गोळा होईपर्यंत पहिला अर्धा तास गेलेला असतो. यावर कुणाकडे काही असेल तर सांगा.