शब्दचर्चा : येसवा, विटाळ, कांडण, साहस (जुन्या काळातल्या स्त्रियांचं लेखन वाचताना)

उंबरठा :
मराठी एम.ए.च्या वर्गासाठी तेराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रियांच्या लेखनावर टिपणं करते आहे. महानुभाव पंथातल्या महदंबा, जनाबाई, सोयराबाई, सिऊरच्या बहिणाबाई आणि शेवटी ताराबाई शिंदे. काही जागी शब्दांपाशी अडले आहे. जनाबाईंच्या 'मी झालें येसवा' मधल्या 'येसवा'चा नेमका अर्थ काय द्यावा? सोयराबाईंच्या 'विटाळ'पुढे 'मासिक पाळी' लिहिलं तर चालेल का? ताराबाईंच्या निबंधाच्या मुखपृष्ठावर 'साहसी कोण' असं आहे, त्यातलं 'साहसी' कौतुकाचं का? आणि या सगळ्यांना मिळून 'स्त्रीवादी साहित्य' म्हणावं की दुसरं काही?

जुनीपोथी :
'येसवा' म्हणजे वेश्या. वेश्या, वेसवा, येसवा असा तो आला आहे. बोलीत आरंभीच्या 'वे'चा 'ये' होतो : वेळ-येळ, वेडा-येडा, वेस-येस. त्यामुळे कुठे 'वेसवा' असा पाठ दिसला तरी शब्द तोच समजा.

टिपेत 'निर्लज्ज', 'बेभान' असा मवाळ अर्थ देऊ नका. अभंगाची सगळी रचना त्या शेवटच्या शब्दाकडे चढत जाते. पहिल्या ओळीत डोईचा पदर खांद्यावर येतो. डोईवरचा पदर ही घरंदाजपणाची खूण, ती इथे सुटते. मग 'भरल्या बाजारीं जाईन मी'. पुढे पंढरीच्या पेठेत पाल मांडलं जातं. पाल म्हणजे बाजारात ठोकतात ती कापडी राहुटी. पदर, बाजार, पेठ, पाल एवढं झाल्यावर 'येसवा' येतो, आणि लगेच 'निघालें केशवा घर तुझें'. घरंदाज बाईला टाळ-वीणा घेऊन चारचौघांत उभं राहायची मुभा नाही. ज्या बाईला ती आहे तिचं नाव जनाबाई स्वतःला लावून घेतात. अर्थ मवाळ केला की हे धाडस दिसेनासं होतं.

याच अभंगात विद्यार्थी हमखास चुकतात ती जागा म्हणजे 'आतां मज मना कोण करी'. हे 'मन' नव्हे. 'मना करणे' म्हणजे मनाई करणे. 'मला आता कोण अडवणार?' असा सरळ सवाल आहे. 'माझ्या मनाला कोण काय करणार' असा अर्थ लावला की ओळ पांगळी होते.

काजळमाया :
जुनीपोथी, एक पुरवणी. 'मना' मूळचा अरबी आणि 'बाजार' फारसी. जनाबाईंचा काळ परंपरेनुसार 1350 पर्यंतचा, आणि देवगिरीवर अलाउद्दीनाची स्वारी 1296 ची. म्हणजे हे शब्द त्या काळी कानावर येणं अशक्य नाही. पण अभंग शतकानुशतकं गाऊन टिकले आहेत आणि गाताना शब्द बदलतात. तेव्हा एका शब्दावरून 'हा अभंग जनाबाईंचा नाहीच' असं ठरवू नये, आणि 'ही चौदाव्या शतकातली अस्सल भाषा' असंही म्हणू नये. 'आज उपलब्ध असलेला पाठ' असं लिहिलेलं बरं.

उंबरठा :
'मना'बद्दल आभार. मग 'दासी जनी' ही मुद्रासुद्धा (अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव येतं ती) भक्तीची नम्रताच धरायची ना? रामदासी पंथात 'दास' असतो तशी?

जुनीपोथी :
इथे जरा थांबायला हवं. जनाबाई गंगाखेडच्या. लहानपणीच पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला आल्या. दळण, कांडण, शेणी वेचणं, पाणी भरणं ही त्यांची रोजची कामं अभंगात जागोजाग येतात. 'दास' म्हणवणाऱ्या पुरुष संताला ती वृत्ती पत्करायची असते. जनाबाई मुळातच घरकामाची दासी आहेत. त्यांच्या 'नामयाची दासी जनी'त दर्जा आणि भक्ती दोन्ही एकाच शब्दात आहेत. टिपेत दोन्ही अर्थ द्या, पहिला आधी द्या.

काजळमाया :
आता 'विटाळ'. हा या यादीतला सगळ्यात अवघड शब्द.

'देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध' आणि पुढे 'देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म'. 'मासिक पाळी' लिहिलंत तर अर्धा अर्थ जाईल. नुसतं 'अस्पृश्यता' लिहिलंत तर उरलेला अर्धा जाईल. त्या काळच्या व्यवहारात हा एकच शब्द चार ठिकाणी चालतो : बाईची पाळी, बाळंतपण, घरातलं मरण आणि जात. पहिले तीन ठरावीक दिवसांनी फिटतात. स्नान केलं, दिवस भरले, की बाई पुन्हा घरात. चौथा जन्मभर फिटत नाही. सोयराबाई चोखोबांच्या पत्नी. बाई म्हणून फिटणारा आणि जातीमुळे न फिटणारा, असे दोन्ही विटाळ त्यांच्या वाट्याला आले आहेत. म्हणून त्यांनी युक्तिवाद उचलला तो थेट जन्मापासून : 'विटाळावांचोनी उत्पत्तीचें स्थान । कोण देह निर्माण नाहीं जगीं'. विटाळाशिवाय कुठला देह घडला ते दाखवा, असा हा प्रश्न आहे. इथे 'विटाळ' पाळीच्या रक्ताचाच आहे, पण उत्तर द्यायचं आहे ते जातीच्या सोवळ्याला. बाईच्या देहाचं ज्ञान जातीविरुद्ध पुरावा म्हणून मांडणं ही या अभंगाची ताकद आहे, आणि शब्दाचे दोन्ही अर्थ जागे ठेवले तरच ती कळते.

म्हणून माझं मत : टिपणाच्या मजकुरात 'विटाळ' शब्दच ठेवा, प्रतिशब्द देऊ नका, आणि खाली चारही व्यवहार दोन ओळींत सांगा. शब्द खुपतो म्हणून तो सौम्य करायचं कारण नाही. सोयराबाईंना तो खुपत होताच, म्हणून तर त्यांनी तो वादाला घेतला.

मुद्रेबद्दलही. 'म्हणे चोखियाची महारी' म्हणजे चोखोबांची पत्नी. उद्धृतात मुद्रा जशीच्या तशी ठेवायची, आपल्या वाक्यात मात्र 'सोयराबाई'. उद्धृतातली जात गाळून नुसतं 'म्हणे चोखियाची' असं छापणं चूक आहे. त्याने चरण लंगडा होतो आणि मुद्दाही जातो.

शेवगा :
मुद्रा आणि क्रियापदाचं लिंग यावर थोडं. 'कवितेत बाई बोलते आहे, म्हणजे ती बाईनं लिहिली' असं गृहीत धरणारे निबंध दरवर्षी तपासावे लागतात. ज्ञानेश्वरांच्या विराण्या (विरहाची गीतं), गवळणी, एकनाथांचं 'सत्वर पाव गे मला भवानीआई', पेशवाईतल्या शाहिरांच्या बहुतेक शृंगारिक लावण्या : बोलणारी बाई, रचणारा पुरुष. एकनाथांच्या भारुडात बाई नवस बोलते, पण शेवटी मुद्रा 'एका जनार्दनी' आहेच. तेव्हा दोन वेगळे शब्द वापरा. रचणारी बाई असेल तर 'स्त्रीरचित', बोलणारी बाई असेल तर 'स्त्रीस्वर'. जनाबाई दोन्हींत बसतात, होनाजी बाळा फक्त दुसऱ्यात.

क्रियापद तपासताना अनुस्वार बघा. जुन्या छपाईत 'मी झालों' पुरुष आणि 'मी झालें' स्त्री. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्यानंतरच्या आवृत्तीत 'झालें' (मी, स्त्री), 'झालें' (ते काम) आणि 'झाले' (ते लोक) तिन्ही सारखेच दिसतात. कर्ता लपलेला असेल तर गोंधळ होतो. शक्य तिथे अनुस्वार ठेवून छापलेली गाथा घ्या. शिवाय बोली सांभाळा. कोल्हापूरकडच्या बायका सहज 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. लोकगीत तिकडचं असेल तर 'आलो'वरून गाणारा पुरुष आहे असा निष्कर्ष काढू नये.

जुनीपोथी :
लोकगीतांचा विषय निघालाच आहे तर ओवीबद्दल. सोमेश्वर या चालुक्य राजाच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात (1129) महाराष्ट्रातल्या स्त्रिया ओवी गातात असा उल्लेख आहे, आणि प्रसंग दिला आहे 'कण्डने'. पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ 'दळताना' असा दिलेला असतो. कण्डन म्हणजे कांडण, उखळात मुसळानं. दळण वेगळं, ते जात्यावर. कामाची लय वेगळी आहे : मुसळ उचलून आपटायचं, दोघीजणी असल्या तर आळीपाळीने. जात्याचा खुंटा गोल फिरत राहतो, घास घालायला हात मधेच सुटतो. जनाबाई 'दळितां कांडितां तुज गाईन अनंता' म्हणतात, म्हणजे दोन कामं वेगळी मोजतात. टिपणात 'दळण-कांडण' असा जोडशब्द लिहायला हरकत नाही, पण 1129 च्या उल्लेखापुढे 'कांडताना' एवढंच लिहा.

ज्ञानेश्वरीतली ओवी आणि जात्यावरची ओवी यांतही फरक करा. ग्रंथातल्या ओवीला चार चरण, पहिल्या तिघांना यमक, चौथा मोकळा आणि आखूड. जात्यावरची साधारण दोन ओळींची असते आणि गाताना तुकडे पुन्हा घेतले जातात, मध्ये 'बाई' नाहीतर 'गं' भरला जातो. तो भरीचा शब्द लिहून घेताना गाळला की लय समजत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या प्रकल्पात खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांतल्या पुष्कळ 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर आवाजासकट आहेत. वर्गात छापील ओवीच्या आधी आवाज ऐकवा.

काजळमाया :
ताराबाईंचं 'साहसी' राहिलं. 'स्त्रीपुरुषतुलना' 1882 ची. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर बालहत्येचा खटला झाला, त्यावरून वृत्तपत्रांत बायकांच्या वागण्यावर झोड उठली. त्याचं उत्तर म्हणून हा निबंध आला. मुखपृष्ठावर स्त्रिया व पुरुष यांत 'साहसी कोण' हे दाखवायचं म्हटलं आहे. आजचा वाचक 'साहस' म्हणजे गिर्यारोहण वगैरे समजतो आणि ताराबाई बायकांचं शौर्य सांगणार अशी वाट बघतो. जुन्या संस्कृत वळणात 'साहस' हा दोष आहे : मागचापुढचा विचार न करता केलेलं दुष्कृत्य. 'अनृतं साहसं माया' या श्लोकात बायकांच्या उपजत दोषांत तो दुसऱ्याच क्रमांकावर आहे. भर्तृहरीच्या 'आवर्तः संशयानाम्' या श्लोकात तर बाईला 'पत्तनं साहसानाम्', म्हणजे साहसांचं नगर म्हटलं आहे. ताराबाई तो श्लोक घेतात आणि त्यातलं एकेक दूषण उचलून पुरुषांच्या पदरात टाकतात. म्हणून 'साहसी कोण' याचा अर्थ 'अविचारी दुष्कृत्यं जास्त कोण करतं' असा. उत्तर अर्थात 'तुम्ही'. वर्गात आधी श्लोकाचा अर्थ सांगून मग निबंध वाचला तर त्याची मांडणी आपोआप उलगडते.

प्रत घेताना स. गं. माळशे यांनी 1975 साली पुन्हा उजेडात आणलेल्या संहितेवरची घ्या. सोप्या मराठीत उतरवलेले उतारे टाळा. त्यांत ताराबाईंची बोलण्याची फेक, एकामागून एक येणारे 'अरे', 'काय रे', सपाट झालेली असते.

शेवगा :
'स्त्रीवादी' की आणखी काही, याचं उत्तर थोडक्यात. जनाबाईंच्या अभंगाचं स्त्रीवादी *वाचन* करता येतं. जनाबाईंना स्त्रीवादी म्हणणं हा काळाचा घोटाळा. ताराबाईंच्या बाबतीत शब्द तेव्हा नव्हता, पण युक्तिवाद होता, म्हणून तिथे तो चालतो. सगळ्यांसाठी मिळून 'स्त्रियांचं लेखन' पुरे.

'लिंगभाव' आणि 'लिंग' यांची गल्लत करू नका. व्याकरणाचं लिंग शब्दाचं असतं. लिंगभाव म्हणजे समाजानं बाईपण-पुरुषपण म्हणून जे घडवलं ते. मालवणीत आणि गोव्याच्या कोंकणीत 'चेडूं' (मुलगी) नपुंसकलिंगी चालतं, म्हणून तिथल्या मुलीवर कुणी बाईपणाचे नियम लादत नाही असं थोडंच आहे? 'लिंगभेद' शब्दही जपून. त्याचा अर्थ फरकही होतो आणि पक्षपातही. पक्षपात म्हणायचा असेल तर 'लिंगाधारित भेदभाव' असं पूर्ण लिहा.

उंबरठा :
फार उपयोग झाला. शेवटचं एक : शब्दांचे अर्थ तपासायला कुठला कोश आधी उघडू?

जुनीपोथी :
शतक बघून कोश निवडा. महदंबेसाठी तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (1999). शिलालेख, महानुभाव गद्य यांतली उदाहरणं त्यात आहेत. ताराबाईंसाठी मोल्सवर्थची 1857 ची दुसरी आवृत्ती, कारण ती त्यांच्या ऐन काळाची आहे. मधल्या संतांसाठी दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, त्यात अर्थाखाली काव्यातली अवतरणं असतात. फक्त अवतरण कुठल्या कवीचं आहे ते बघून मगच अर्थ उचला. अठराव्या शतकातल्या पंडिताचा अर्थ जनाबाईंना लावला की पुन्हा गाडी घसरते.

आणि यादीत 'सिऊरच्या' लिहिलंत तसंच पुढेही लिहा, नुसतं 'बहिणाबाई' ठेवू नका. सिऊरच्या बहिणाबाई (1628-1700) तुकारामांच्या शिष्या, मुद्रा 'बहिणी म्हणे'. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880-1951) वेगळ्या, त्यांची गाणी 1952 साली छापली गेली. ग्रंथालयांच्या सूचीत दोघी एकाच नावाखाली आल्या की मुलं 'अरे संसार संसार' सतराव्या शतकात नेऊन ठेवतात. नावापुढे गाव आणि शतक दोन्ही लिहा.