ड्युअल क्लच गिअरबॉक्स: पोर्श, बीएमडब्ल्यू, निसान, फोक्सवॅगन... फरक नेमका कुठे पडतो?

कोथरूडकर (प्रश्न)

वापरलेली स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० (६ गिअरची डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगन समूहाचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स) घ्यायचा विचार चालू आहे. रोज कोथरूड ते हिंजवडी, अधूनमधून ताम्हिणी. वाचायला गेलं की सगळीकडे एकच पाढा: अमुक गाडी इतक्या मिलिसेकंदांत गिअर बदलते. दोन क्लच, दोन शाफ्ट हे तत्त्व जर सगळ्यांचं एकच, तर पोर्शच्या पीडीकेची ख्याती दगडासारखी आणि दुसऱ्या एखाद्या डीसीटीचं (ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं) नाव काढलं की लोक कानाला खडा लावतात, असं का? बीएमडब्ल्यूने एम गाड्यांतून डीसीटी काढूनच का टाकला? व्हीआरएस घेताना काय तपासायचं आणि स्टेज १ रिमॅप (सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवणं) करावा का, हेही सांगा.

शाफ्ट-सिंक्रो

आधी मिलिसेकंद बाजूला ठेवा. डीसीटीमध्ये पुढचा गिअर दुसऱ्या शाफ्टवर आधीच लागलेला असतो. शिफ्ट म्हणजे फक्त एका क्लचचा दाब सोडायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याचा वाढवायचा. हे आज सगळेच पटकन करतात.

उशीर होतो तो अंदाज चुकल्यावर. तुम्ही हळूहळू वेग वाढवताय, बॉक्सने वरचा गिअर लावून ठेवलाय, आणि तुम्ही अचानक पाय दाबला. आता तो गिअर काढून खालचा लावायचा, म्हणजे सिंक्रोचं (गिअर लावण्याआधी वेग जुळवणाऱ्या कड्यांचं) काम आलं. त्याहून कठीण ६ वरून थेट ४. दोन्ही सम गिअर, दोन्ही एकाच शाफ्टवर, त्यामुळे क्लचची अदलाबदल करून भागत नाही. चांगलं सॉफ्टवेअर मधल्या वेळात ताकद ५व्यावरून नेतं, तोवर ४था लावून घेतं. ओव्हरटेक करताना ‘पीडीकेला मनातलं कळतं’ असं लोक म्हणतात ते याच्यामुळे. लोखंड फारसं वेगळं नसतं, हिशेब वेगळा असतो.

आणि लोखंड बनवतं कोण, हेही बघा. पीडीके पोर्शचा म्हणून विकला जातो, पण बनतो झेडएफच्या ब्रांडेनबुर्ग कारखान्यात. बीएमडब्ल्यूचा एम डीसीटी, मर्सिडीज एसएलएसचा बॉक्स, फेरारी कॅलिफोर्निया आणि ४५८ चा बॉक्स, सगळे गेट्रागचे (२०१६ पासून ही कंपनी माग्नाकडे). मॅकलारेन १२सीचा ग्राझियानोचा, बुगाटी व्हेरॉनचा रिकार्डोचा, कॉर्व्हेट सी८ आणि मस्टँग शेल्बी जीटी५०० चे ट्रेमेकचे. फोक्सवॅगनचे कासेलमध्ये बनतात, त्यातल्या ओल्या क्लचचं तंत्र बॉर्गवॉर्नरचं. त्यामुळे ‘कोणत्या कंपनीचा डीसीटी चांगला’ या प्रश्नाला अर्थ कमी. क्लच ओला (तेलात चालणारा) की कोरडा, तेल किती, ते थंड कसं होतं आणि बॉक्स उघडून दुरुस्त करता येतो का, हे विचारा.

नट-बोल्ट

वरच्या मुद्द्यात उष्णतेची भर घालतो, कारण डीसीटी मरतो तो उष्णतेने.

डीसीटीमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिनची ताकद द्रवातून गिअरबॉक्सला देणारा भाग) नाही. ट्रॅफिकमध्ये गाडी रेंगाळते तेव्हा बॉक्स चक्क हाफ क्लचवर असतो. समजा इंजिन ८०० आरपीएमवर, शाफ्ट २०० वर आणि क्लच ४० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतोय. ६०० आरपीएमचा फरक म्हणजे सुमारे अडीच किलोवॅट उष्णता. घरच्या गिझरपेक्षा जास्त, आणि ती सगळी त्या प्लेटांमध्ये. ओल्या क्लचमध्ये ती तेल उचलतं आणि कूलरकडे नेतं. कोरड्या क्लचमध्ये ती प्लेटांत आणि भोवतालच्या हवेतच राहते.

म्हणून डीएसजीच्या एकाच घराण्यातली दोन भावंडं वेगळी निघतात. डीक्यू२०० हा ७ गिअरचा, कोरडा, २५० न्यूटन मीटरची मर्यादा. डीक्यू२५० हा ६ गिअरचा, ओला, २००३ च्या गोल्फ आर३२ पासूनचा, मूळ मर्यादा ३५०. पोलो जीटीआय १.८ टीएसआयला युरोपात मॅन्युअलसोबत ३२० न्यूटन मीटर होते आणि डीक्यू२०० सोबत २५०. इंजिन तेच, बॉक्ससाठी हात आखडलेला. डीएसजीच्या नावाने जी ओरड ऐकता ती बहुतांशी डीक्यू२०० ची: क्लचची थरथर, किंवा मेकाट्रॉनिक युनिटमध्ये (बॉक्सचं हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक नियंत्रण) दाब साठवणाऱ्या ॲक्युम्युलेटरची बैठक तडकते, तेल बाहेर जातं, दाब पडतो आणि स्कॅनरवर पी१७बीएफ हा बिघाडाचा कोड येतो. तुमच्या व्हीआरएस २३० मध्ये डीक्यू२५० आहे, म्हणजे हे दुखणं तुमचं नव्हे. ऐकीव माहितीवर गाडी सोडू नका, पण तपासल्याशिवाय घेऊही नका.

तपासणी अशी. थंड गाडी पाहायला मागा, आधीच गरम करून ठेवलेली नको. आयडलला खडखड आणि इंजिन बंद करताना टणटण असेल तर ड्युअल मास फ्लायव्हीलवर (इंजिनचे हादरे शोषणाऱ्या जड चाकावर) संशय घ्या. आर लावल्यावर क्षणभर काहीच न होता मग धक्का बसला, तर नोंद करा. नंतर गाडी पूर्ण गरम झाल्यावर मॅन्युअल मोडमध्ये ४था गिअर, १,८०० ते २,००० आरपीएम, मोकळा सरळ रस्ता आणि पूर्ण ॲक्सिलरेटर. वेग न वाढता आरपीएमचा काटा पुढे पळाला तर क्लच घसरतोय. शेवटी अर्धा तास ट्रॅफिक. २ वरून १ ला येताना गाडी मागून कुणी ढकलल्यासारखी उडत असेल, तर तेल जुनं आहे किंवा ॲडॅप्टेशन (क्लच कुठे पकडतो याचा बॉक्सने शिकलेला हिशेब) बिघडलंय, दोन्ही निस्तरता येतं. क्लच घसरत असेल तर किमतीतून पूर्ण क्लच पॅकचा खर्च वजा करा.

सगळ्यांत महत्त्वाचा कागद म्हणजे दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलल्याची नोंद. ‘डीएसजीला तेल लागत नाही’ असं विक्रेता म्हणाला तर तो डीक्यू२०० बद्दल बोलतोय किंवा थापा मारतोय.

कोथरूडकर

हे तेल बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये बदलता येतं का? की कंपनीतच न्यावं लागतं?

नट-बोल्ट

स्कॅनर आणि टॉर्क रेंच असलेल्या कुठल्याही गॅरेजमध्ये होतं. चुका कुठे होतात ते माहीत असू द्या, मग समोर उभं राहून करून घ्या.

तेल जी ०५२ १८२ या स्पेसिफिकेशनचं. बॉक्समध्ये एकूण सात लिटरच्या वर असतं, बदलताना पाच-सव्वापाच निघतं. सहा लिटर आणून ठेवा. फिल्टर वरच्या बाजूला, बॅटरी आणि एअर फिल्टरच्या डब्याखाली. झाकणाला २४ चा सॉकेट, बसवताना २० न्यूटन मीटर. खाली ड्रेन प्लग १४ च्या ॲलन कीने उघडतो. इथेच पहिली चूक. प्लग काढल्यावर थोडंसंच तेल येतं आणि मेकॅनिकला वाटतं झालं. त्याच भोकात आत प्लास्टिकची उभी नळी आहे, ती ८ च्या ॲलन कीने काढल्यावर खरं तेल उतरतं. नळी परत बसवताना फक्त ३ न्यूटन मीटर. प्लास्टिक आहे, मनगटाचा जोर लावला की चीर.

तेल भरा, इंजिन चालू करा, ब्रेक दाबून पी, आर, एन, डी प्रत्येकी काही सेकंद, पुन्हा पी. आता स्कॅनरवर गिअरबॉक्स तेलाचं तापमान पाहत बसा. ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये, इंजिन चालू ठेवूनच, प्लग उघडायचा. जास्तीचं तेल नळीवरून सांडतं. धार तुटून थेंब पडायला लागले की नवीन वॉशर घालून ४५ न्यूटन मीटरला बंद. तेल ६० अंशांवर असताना पातळी पाहिली तर ते फुगलेलं असतं, नको तितकं सांडतं आणि थंड झाल्यावर कमी भरतं. इंजिन बंद करून पाहिलं तर फिरणारं तेल खाली उतरलेलं असतं, पुन्हा तीच गत. मे महिन्यात पुण्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीचं तेल सुरुवातीलाच ३५ च्या वर सापडेल, म्हणून हे काम सकाळी आठलाच सुरू करा.

नंतर स्कॅनरवरून बेसिक सेटिंग, म्हणजे ते ॲडॅप्टेशन नव्याने शिकवणं. ते न करता गाडी दिली तर पहिले काही दिवस हिसके बसतात आणि लोक तेलाला दोष देतात.

ओव्हरड्राइव्ह

पोर्श आणि बाकीच्यांबद्दल राहिलंय ते सांगतो.

पीडीके बिघडतच नाही ही श्रद्धा आहे. तो टिकाऊ आहे, आणि त्याला कारण आहे. १९८० च्या दशकात ९५६ आणि ९६२ या रेसच्या गाड्यांवर हे तंत्र घासून पाहिलं, पण रस्त्यावरच्या ९११ मध्ये आणलं ते थेट २००८ मध्ये, नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक्स लायक झाल्यावर. त्या ७ गिअरच्या बॉक्समध्ये दोन वेगळी तेलं आहेत: क्लच आणि हायड्रॉलिक्सचं एक, गिअर आणि डिफरन्शियलचं दुसरं. क्लचची झीज गिअरच्या तेलात मिसळत नाही आणि डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरला हवं ते जाड तेल देता येतं. डीक्यू२५० मध्ये सगळं एकाच तेलात पोहतं, म्हणून फिल्टर आणि ६०,००० ची शिस्त. वापरलेली ९११ घेणाऱ्याने ‘पीडीकेचं तेल बदललंय’ एवढ्यावर समाधान मानू नये. दोन्हींपैकी कोणतं, हे विचारावं.

९११ च्या ९९७ आवृत्तीच्या दुसऱ्या पिढीत आणि नंतरच्या ९९१ आवृत्तीमध्ये नेमकं काय जातं, तर आतला पोझिशन सेन्सर. गिअरचे फोर्क (गिअर सरकवणारे काटे) कुठे आहेत हे तो सांगतो. तो बिनसला की बॉक्सला आपला कोणता गिअर लागलाय हेच कळत नाही, मग काही गिअर किंवा रिव्हर्स गायब. यांत्रिकदृष्ट्या बॉक्स ठणठणीत असतो. पण अधिकृत मार्ग बरीच वर्षं पूर्ण बॉक्स बदलण्याचा होता. स्वतंत्र तज्ज्ञांनी सेन्सर तेवढा बदलायला सुरुवात केली. भारतात असं काम करणारा माणूस शोधून ठेवल्याशिवाय वॉरंटी संपलेली पीडीके घेऊ नये, हे माझं ठाम मत.

निसान जीटी-आर वेगळ्याच वाटेने गेली. सहा गिअरचा ओला बॉक्स मागच्या चाकांपाशी, वजनाच्या समतोलासाठी. गाडी १,७०० किलोच्या वर, चारही चाकांना ताकद, आणि सुरुवातीच्या लाँच कंट्रोलमध्ये (उभ्या गाडीला सर्वांत जलद सोडणारी सोय) साडेचार हजार आरपीएमवरून क्लच सोडायचा. मागची चाकं जागीच गरगरली तर धक्का टायर खातो; चारही चाकं रस्ता धरून बसली तर तो पहिल्या गिअरच्या शाफ्टपर्यंत पोचतो. बॉक्स फुटले, वॉरंटीचे वाद झाले, मग निसानने सॉफ्टवेअर बदलून लाँचचे आरपीएम खाली आणले. म्हणजे बदल लोखंडात कमी आणि हिशेबात जास्त, शाफ्ट-सिंक्रो म्हणतात तसंच. डॅशबोर्डच्या पडद्यावर गिअरबॉक्स तेलाचं तापमान दिसतं ते शोभेसाठी नव्हे.

बीएमडब्ल्यू: २००८ च्या एम३ पासून एम डीसीटी होता, एफ१० पिढीच्या एम५ मध्ये ६८० न्यूटन मीटर पेलत होता. त्यानंतरच्या एफ९० एम५ ला ७५० न्यूटन मीटर आणि चारही चाकांचा ड्राइव्ह आला तेव्हा झेडएफचा ८ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर घेतला. गाडी सुटताना कन्व्हर्टर टॉर्क वाढवून देतो, घसरण द्रवात होते, घर्षणाच्या प्लेटा झिजत नाहीत. शिफ्टच्या वेगातलं अंतर तोवर जवळपास मिटलं होतं. एम डीसीटीमध्ये ब्रेक सोडल्यावर गाडी आपणहून रेंगाळतही नसे, ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श करावा लागे. आलिशान एम५ च्या गिऱ्हाइकाला पार्किंगमध्ये ते नकोच असतं.

शाफ्ट-सिंक्रो

एक पुरवणी. फेरारी एसएफ९० आणि मॅकलारेन आर्टुराच्या ८ गिअरच्या डीसीटीत रिव्हर्स गिअरच नाही, मागे नेतं ते इलेक्ट्रिक मोटर. वजन वाचलं, आणि रिव्हर्समध्ये क्लच जाळण्याची सोयही गेली. चढावर मागे घेणं हे कुठल्याही डीसीटीचं सर्वांत मोठं हाल असतं.

कोथरूडकर

मग चांदणी चौकाच्या चढावर गाड्या अडकल्या असतील तर? आणि रिमॅपचं राहिलं.

नट-बोल्ट

चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही, ब्रेक घट्ट दाबायचा. ब्रेक पूर्ण दाबला की बॉक्स क्लच मोकळा करतो. अर्धवट ब्रेक आणि रेंगाळणं एकत्र चाललं की तो बिचारा दोन्हीकडून घासतो. पुढच्या गाडीशी दोन गाड्यांचं अंतर पडू द्या, मग एकदाच सोडून ठाम पुढे जा. दर फुटाला पुढे सरकू नका.

रिमॅप: व्हीआरएस २३० कंपनीतूनच ३५० न्यूटन मीटर देते, म्हणजे बॉक्सच्या मूळ मर्यादेवर उभी आहे. स्टेज १ बहुतेक वेळा ४०० च्या पुढे जातो. फक्त इंजिनचा ईसीयू (इंजिनचा संगणक) बदलला तर टीसीयू (गिअरबॉक्सचा संगणक) जुन्याच हिशेबाने क्लच दाबतो. मग तो टॉर्क छाटतो आणि पैसे फुकट जातात, किंवा प्लेटा घसरू लागतात. करायचाच असेल तर टीसीयूचा रिमॅप त्याच दिवशी, आणि तेल-फिल्टर त्याच्या आधी. त्या वेळी निघालेलं तेल पांढऱ्या कपड्यावर ओतून पाहा. नुसतं काळं असेल तर चालेल. जळका वास आणि चमचमणारे कण दिसले तर रिमॅपचे पैसे खिशात ठेवा आणि क्लचची चौकशी करा.