अर्धमागधीनंतर पुढे काय? बीएला मेजर कोणतं घ्यावं? (मदत हवी आहे)

माझी भाची यंदा बारावी कला पास झाली. अकरावी-बारावीला तिने अर्धमागधी (प्राकृतचा एक प्रकार) घेतली होती, वर्गातल्या बहुतेकांसारखी मार्कांसाठीच. पण मध्यंतरी नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा कोरीव लेख बघितला, यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी-घोड्यांची जंत्री आहे तो, आणि बाईसाहेबांनी ब्राह्मी, म्हणजे त्या लेखाची जुनी लिपी, गिरवायला घेतली. आता अक्षरं लागतात, अर्थ अर्धामुर्धाच लागतो. लेखांची प्राकृत आणि जैन आगमांची (धर्मग्रंथांची) अर्धमागधी एक नव्हे, हे तेव्हा कळलं.

अडचण अशी की आमच्या जवळच्या कॉलेजात अर्धमागधी आता फक्त ओपन इलेक्टिव्ह (मुख्य विषयाबाहेरचा ऐच्छिक विषय) आहे, तीही दोन क्रेडिटची. मेजरला संस्कृत आणि इतिहास आहेत, पाली नाहीच. (२०२४ च्या ऑक्टोबरात मराठीबरोबर पाली-प्राकृतलाही अभिजात दर्जा मिळाला. मराठीचे पेढे आमच्या सोसायटीतही वाटले, प्राकृतचे कुणी वाटल्याचं ऐकलं नाही.)

तिला पुढे अशा कोरीव लेखांचंच काम करायचंय. मग संस्कृत मेजर घ्यावं, की इतिहास मेजर घेऊन प्राकृत बाहेरून शिकावी? ताईचा, म्हणजे तिच्या आईचा, प्रश्न एकच: पोटापाण्याचं काय? कृपया या वाटेने गेलेल्यांनी सांगा. 'स्पर्धा परीक्षा दे' हा सल्ला घरात रोज मिळतोय.

पोथीनिष्ठ:
संस्कृत मेजर, डोळे मिटून. वररुचीचा प्राकृतप्रकाश घ्या नाहीतर हेमचंद्राच्या व्याकरणाचा आठवा अध्याय, प्राकृतचं व्याकरण संस्कृतातच लिहिलेलं आहे. फक्त एक सांभाळा. संस्कृत नाटकं शिकताना नायिका प्राकृतात बोलायला लागली की आम्ही सरळ खालची छाया (त्या वाक्यांचं संस्कृत रूपांतर) वाचून पुढे जायचो, परीक्षेतही भागायचं. तिने तसं करू नये. शाकुंतलातली प्राकृत वाक्यं छाया झाकून वाचायची, हा फुकटचा क्लास आहे.

लेणीवाला:
पोथीनिष्ठ, अर्धंच पटलं. नाशिकच्या तीन नंबरच्या लेण्यातला सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख किंवा कार्ल्याचे दानलेख वाचायला पाणिनी तोंडपाठ लागत नाही. कोण राजा, त्याचं कितवं वर्ष, कुणी काय दान दिलं, हा साचा ओळखता यायला हवा, आणि तो इतिहासवालेच शिकवतात. माझा कल इतिहास मेजर, संस्कृत मायनर याकडे. पाली आधी शिकली तर अशोकाचे लेख लवकर हाताला लागतील. पुणे विद्यापीठात पालीचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे लहान अभ्यासक्रमांची चौकशी करा.

पोथीनिष्ठ:
दानलेखांपुरतं मान्य. पण क्षत्रप राजा रुद्रदामनचा जुनागढचा लेख समोर आला की काय करणार? तो सगळा संस्कृतात आहे, समास उलगडता उलगडता घाम फुटतो. शिवाय इतिहास एमएला धरता येतो. व्याकरण विशीनंतर सुरू करणारे बहुतेक जण मध्येच सोडतात, हे माझं वर्गात बघितलेलं मत.

ताईंना सांगा, नेट परीक्षेला (कॉलेजात प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेला) संस्कृत, पाली, प्राकृत असे तिन्ही स्वतंत्र विषय आहेत. मात्र पाली-प्राकृतच्या जागा फार कमी निघतात, हेही लपवू नका. एमएला डेक्कन कॉलेज बघा. प्राचीन भारतीय इतिहास, पुरातत्त्व आणि संस्कृत एकाच आवारात आहे.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. भाचीने धागा वाचला. संस्कृत मेजरचा फॉर्म भरतोय. इतिहास मायनर म्हणून मिळेल का, याला ऑफिसात दोन खिडक्यांवर दोन उत्तरं मिळाली, म्हणून लेखी अर्ज दिलाय. ताई अजून गप्प आहे.

आणखी एक: पुण्यात किंवा नाशकात शनिवार-रविवारचा ब्राह्मी वाचनाचा वर्ग कुणाला माहीत आहे का? नुसती लिपी नको, लेखाचा अर्थ लावून दाखवणारे हवेत. ऑनलाइन असला तरी चालेल.