उपाशीपोटी साखर एकाच आकड्यावर अडकते तेव्हा

वर ज्या ताईंनी लिहिलंय की सडपातळ मुलीची उपाशीपोटीची साखर तीन वर्षं ११८ ते १२५ मध्येच आहे, गोळ्यांनी हलत नाही, आणि तिच्या बाबांचंही तसंच आहे, त्यांनी डॉक्टरांना ग्लुकोकायनेज जनुकाबद्दल जरूर विचारावं.

स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत साखर मोजायचं काम या जनुकावरून बनणारं ग्लुकोकायनेज हे विकर (एन्झाइम) करतं. आत आलेल्या ग्लुकोजला ते फॉस्फेट जोडतं, त्यातून पुढे एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, वाढतो, पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची दारं मिटतात, कॅल्शियम आत शिरतं आणि इन्शुलिनच्या पुड्या रिकाम्या होतात. एरवी हे साधारण ९० च्या आसपास सुरू होतं. जनुकाची एक प्रत सदोष असेल तर सुरुवातच वरच्या आकड्याला होते. इन्शुलिन असतं, फक्त उशिरा सुटतं. गोळ्या देऊन साखर खाली ओढायला गेलं की शरीर स्वतःचं इन्शुलिन आवरतं.

१९९२ मध्ये फ्रान्समधल्या कुटुंबांत जनुकातला हा दोष आढळला. बहुतेकांना औषध लागत नाही. गरोदरपणाचा विचार वेगळा. ताई, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, आधी जनुकचाचणी करून घ्या. पोरीचं रोजचं बोट टोचणं थांबण्यासारखं असेल तर ते लवकर कळायला हवं.